एकत्र राहायचे ठरवले आहे, पण एकत्र राहणे शिकायचे कोठे?

रानवाटा (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पाच कुटुंबे, म्हणजे माझ्या सासूबाई धरून अकरा मोठी माणसे आणि चार मुले, गेली तीन वर्षे भोर-वेल्हे भागात जमीन घेऊन एकत्र वस्ती करण्याचा विचार करीत आहोत. प्रत्येकाचे लहानसे स्वतंत्र घर, स्वयंपाकघर मात्र एकच, थोडी सामाईक शेती आणि म्हातारपणी एकमेकांना आधार, असे साधारण चित्र आहे. पैशांची जुळवाजुळव, नकाशे, विहिरीची जागा यांवर आम्ही पुष्कळ बोललो. आमची मैत्री वीस वर्षांची आहे, त्यामुळे एकमेकांशी पटेल की नाही हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता.

जानेवारीत प्रयोग म्हणून आम्ही एक शेतघर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतले. पहिले तीन दिवस सहलीसारखे गेले. चौथ्या दिवशी सकाळी टाकीत पाणी नव्हते. मोटार कोणीतरी लावली असेल असे प्रत्येकाला वाटले होते, त्यामुळे ती कोणीच लावली नव्हती. रात्रीची खरकटी पातेली मोरीत तशीच पडली होती आणि मोड आलेल्या मटकीच्या फडक्यावर मुंग्या चढल्या होत्या. पातेली अखेर सासूबाईंनी घासली, आणि त्यांना घासावी लागली याचे मला जितके वाईट वाटले, तितके ते इतरांच्या लक्षातच आले नाही याचे वाटले. त्याच रात्री मुलांच्या मोबाइल वापरण्याबद्दल बैठक झाली. साडेबारापर्यंत ती चालली, शेवटी हात वर करून सात विरुद्ध चार असा मोबाइल बंदीचा निर्णय झाला आणि ते चौघे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी दोघे ‘अचानक काम निघाले’ म्हणून पुण्यास परतले.

माझा प्रश्न जमिनीबद्दल किंवा कायद्याबद्दल नाही. एकत्र राहण्याची जी कौशल्ये लागतात, ती माणसे कोठे आणि कशी शिकतात? ज्यांनी अशा समूहांत काही काळ काढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धामकाठ (वर्धा)

ताई, तुमचा प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. जमीन घेतल्यावर जे कळले असते, ते चौथ्याच दिवशी कळले.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1959 मध्ये स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर हा मुख्यतः भगिनींचा समूह आहे. मी तरुणपणी तेथे काही आठवडे पाहुणी म्हणून राहिले होते. तेथील अध्यात्माविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण दोन गोष्टी माझ्या हातांनी शिकल्या. पहिली अशी, की तेथे शरीरश्रम हे ध्यानाच्या खालच्या पायरीवरचे मानले जात नव्हते, त्यामुळे भाजी निवडणाऱ्या व्यक्तीकडे कोणी उपकाराच्या किंवा दयेच्या नजरेने पाहत नसे. दुसरी अशी, की निर्णय सर्वसहमतीने होत. एखादीचे मन तयार नसेल तर विषय पुढे ढकलला जाई, आणि पुढे ढकलणे म्हणजे टाळणे असे कोणी समजत नसे.

मला सर्वांत अवघड गेले ते काम सांगता येणे आणि काम मागता येणे. आपल्याकडे मोठ्या कुटुंबात वाढलेल्या बायकांना न सांगता काम उचलण्याची सवय असते आणि पुरुषांना न सांगता ते झालेले दिसण्याची. एकत्र वस्तीत या दोन्ही सवयी घातक ठरतात. मी भांडी घासते आहे हे कोणाला दिसत नाही, म्हणून मी कुढत राहते. आणि मी कुढते आहे हे कोणाला कळत नाही, म्हणून ती माझ्याच वाट्याला राहतात. तुमच्या सासूबाईंनी पातेली घासली, त्या वेळी ‘आज हे काम कोणाचे आहे?’ एवढे मोठ्याने, न चिडता विचारणे हे कौशल्य आहे. ते बोलण्यातून येत नाही, रोजच्या सरावाने येते.

उत्तरवाट (व्हर्जिनिया, अमेरिका)

धामकाठ यांनी कामाचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्या राहत्या राज्यात लुइझा परगण्यात ट्विन ओक्स नावाची सुमारे शंभर माणसांची वस्ती 1967 पासून चालू आहे. तेथे पाहुण्यांसाठी तीन आठवड्यांचा मुक्काम असतो, तो मी केला होता. माझ्या वेळी वस्तीचे उत्पन्न दोरीचे झोपाळे, टोफू अशा उद्योगांतून येई आणि ते सामाईक असे. प्रत्येकाने आठवड्याला ठरावीक तास काम करायचे असते, माझ्या वेळी ते बेचाळीसच्या आसपास होते.

यात बारकावा असा, की बेचाळीस तासांत स्वयंपाक, मुले सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा, संडास धुणे हे सारे मोजले जाते आणि कोणत्याही कामाचा एक तास दुसऱ्या कामाच्या एका तासाएवढाच असतो. हिशेब पाहणारा आणि भांडी घासणारा सारखेच. प्रत्येकाकडे आठवड्याचा एक कागद असे, त्यात आपले तास आपणच भरायचे. पहिल्या आठवड्यात मला ते फार रुक्ष वाटले. मित्रांमध्ये तासांचा हिशेब कसला, असे मनात आले. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले की कागद असल्यामुळे मनात हिशेब ठेवावा लागत नाही. आपल्या घरांत मनातला हिशेब चाळीस वर्षे चालतो आणि वाटणीच्या दिवशी बाहेर येतो.

आणखी दोन गोष्टी आपल्या लोकांना आश्चर्याच्या वाटतील. पैसा सामाईक असूनही प्रत्येक प्रौढाला स्वतःची खोली असते. सतत एकत्र राहण्यासाठी दार लावून बसण्याची सोय लागते. तसेच पाहुणेपणाचे तीन आठवडे संपल्यावर इच्छुकाला परत आपल्या घरी जावे लागते आणि तो नसताना सभासद त्याच्याविषयी ठरवतात. त्यानंतरही सहा महिने तो कच्चा सभासद असतो. ही पद्धत मला कठोर वाटली होती. तुम्ही पाच कुटुंबे मात्र वीस वर्षांच्या मैत्रीमुळे एकमेकांना आधीच पक्के सभासद मानून बसला आहात, आणि अडचण तेथूनच सुरू होत असावी. मित्र म्हणून माणूस ओळखीचा असतो, सहनिवासी म्हणून तो नवाच असतो.

खजिनदार_चौदा_वर्षे (ठाणे)

मी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा चौदा वर्षे खजिनदार आहे, त्यामुळे माझ्या अनुभवाची पातळी आश्रमापेक्षा बरीच खालची आहे. तरीही स्पष्ट लिहितो. सर्वसहमती म्हणजे सर्वांत हटवादी माणसाच्या हाती किल्ली देणे. आमच्या इमारतीत जिन्याला रंग कोणता द्यायचा यावर एका सदस्याने दीड वर्ष काढले. पाण्याची मोटार कोणी लावायची हे ठरवायला बैठक कशाला हवी? फळ्यावर सात नावे लिहा, वारानुसार.

आणि वस्तीतून बाहेर पडणाऱ्याला त्याचा वाटा कसा व किती दिवसांत द्यायचा, हे सर्वांचे चेहरे हसरे असतानाच लिहून ठेवा. तुम्ही कायद्याचे विचारले नाही, तरी एवढे सांगतो की महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो, अन्यथा परवानगी लागते. पाचांपैकी कोण शेतकरी आहे, यावरून जमीन कोणाच्या नावावर हे ठरेल, आणि ज्याच्या नावावर सातबारा त्याचा आवाज बैठकीत आपोआप जड होईल. हा भाग कौशल्याचा नसला तरी कौशल्याची परीक्षा घेणारा आहे.

बांबूचे_बन (गडचिरोली)

खजिनदार साहेबांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यांनी पाहिली ती सर्वसहमती नव्हती. एकाने अडवून धरणे आणि बाकीच्यांनी कंटाळून सोडून देणे याला मीही अडवणूकच म्हणेन.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आतबाहेर लोकवस्तीचे गोंड गाव अनेकांना ठाऊक आहे. 2009 मध्ये त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. तेथे कामानिमित्त माझे अनेक वर्षे जाणे-येणे होते. मेंढा हे परंपरेने एकत्र असलेले गाव आहे, तुमच्यासारखी ठरवून केलेली वस्ती नव्हे, हे मान्य. पण निर्णय घेण्याची तेथील रीत जशीच्या तशी परंपरेतून आलेली नाही. गावातील देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या सोबतीने गावाने ती वर्षानुवर्षे घडवली. त्या घडणीतील सर्वांत उपयोगी भाग म्हणजे अभ्यासगट आणि ग्रामसभा यांची फारकत.

अभ्यासगटात माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, शंका काढायच्या, वाद घालायचा. पण तेथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे अभ्यासगटात माणूस मोकळेपणाने चुकीचे बोलू शकतो आणि नंतर मत बदलले तरी त्याची मानहानी होत नाही. ताई, तुमच्या साडेबाराच्या बैठकीत ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली होती. मोबाइलबद्दल माहिती, भीती, आपापल्या मुलांची बाजू आणि निर्णय, सगळे एका रात्रीत, दमलेल्या माणसांमध्ये. तेथे हात वर करण्याशिवाय दुसरे काही उरतच नाही.

हटवादी माणसाविषयी: नेदरलँड्समध्ये केस बुके या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) शिक्षकाने 1926 मध्ये बिल्टहोव्हन येथे शाळा काढली आणि मुलांसह तिचा कारभार सहमतीने चालवून पाहिला. त्याच शाळेत शिकलेल्या गेरार्ड एंडेनबुर्ग या अभियंत्याने पुढे आपल्या विद्युत कंपनीसाठी त्यात एक बदल केला. सर्वांना प्रस्ताव आवडला पाहिजे ही अट त्याने काढली आणि कोणाचीही सकारण, समूहाच्या हेतूला बाधा येईल अशी हरकत उरता कामा नये एवढीच ठेवली. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘आवडेल का?’ असे न विचारता ‘चालेल का?’ असे विचारायचे. जिन्याचा रंग नावडणे ही हरकत नव्हे. तो रंग सहा महिन्यांत उडतो, ही हरकत.

पण येथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपण ‘चालेल’ हा शब्द तीन अर्थांनी वापरतो: खरोखर चालेल, चालणार नाही पण वाद नको, आणि तुम्ही ठरवलेच आहे तर आता काय. ‘बघू’ म्हणजे तर बहुधा नाहीच. ज्या गटांबरोबर मी काम करतो त्यांना मी सुरुवातीला एवढेच करायला लावतो: बैठकीत कोणी ‘चालेल’ म्हणाले की शेजारच्याने विचारायचे, ‘कोणते चालेल?’ पहिल्या दिवशी लोक हसतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एखादे काका थोडे थांबतात आणि म्हणतात, ‘दुसरे.’ तेथून पुढची बैठक वेगळी होते, कारण आता त्यांना काय टोचते आहे ते मांडावे लागते आणि बाकीच्यांना ते ऐकावे लागते. हरकत मांडणे जितके शिकावे लागते, तितकेच हरकत आली म्हणून न दुखावणेही.

मोटारीच्या बाबतीत मात्र मी खजिनदार साहेबांच्या बाजूचा आहे. फळा घ्या.

धामकाठ (वर्धा)

‘कोणते चालेल’ मी उद्यापासून घरी सुरू करते. फक्त एक पुस्ती जोडते. जे घरात लहान आहेत, सून आहेत किंवा ज्यांनी पैसे कमी घातले आहेत, ते विचारल्यावरही ‘पहिले’ असेच सांगतील. त्यांची हरकत सर्वांसमोर मागण्याआधी कोणीतरी त्यांच्याबरोबर भाजी निवडत बसले पाहिजे. माझ्या अनुभवात खरी मते तेथेच कळतात.

रानवाटा (पुणे)

सर्वांचे आभार. तुमची उत्तरे मी आमच्या गटात वाचून दाखवली. जे चौघे गप्प झाले होते, त्यांपैकी परत गेलेल्या मित्राने सांगितले की त्याचा विरोध मोबाइल बंदीला नव्हताच. त्याच्या मुलीला रात्री आईशिवाय झोप येत नव्हती आणि परगावी असलेल्या आईशी बोलण्यासाठी तिला फोन हवा होता. हे त्या रात्री दहा जणांसमोर सांगणे त्याला जमले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

जमिनीचा व्यवहार आम्ही वर्षभर थांबवला आहे. तोवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पाचही कुटुंबे आळीपाळीने एकाच्या घरी राहतील. शनिवारी फक्त चर्चा होईल. निर्णय असलाच तर रविवारी, जेवणाआधी. तासांचा कागद ठेवायचा की नाही यावर दोघांची हरकत आहे, ती पुढच्या शनिवारी ऐकू. फळा काल आणला. सासूबाईंनी पहिले नाव आपले लिहिले होते, ते पुसून मी माझ्या नवऱ्याचे लिहिले आहे. त्यांना विचारले, तर ‘चालेल’ म्हणाले. कोणते, ते अजून विचारायचे आहे.