मदत हवी आहे: कोहाच्या सर्व्हरवर अपडेट कसे करू आणि कोणती खाती बंद करू?

ग्रंथखोली:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमचं कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) उबुंटू २०.०४ या लिनक्सवर चालतं, सर्व्हर ग्रंथालयातच आहे. ज्या एजन्सीने ते बसवून दिलं तिचा करार मार्चमध्ये संपला आणि संस्थेने पुढे वाढवला नाही. आता सगळं माझ्याकडे आलंय. माझ्या खात्याला सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) आहे, टर्मिनलची भीती नाही, पण लिनक्स जेवढं येतं तेवढं कोहामुळेच.

अडचण अशी. अपडेटची यादी काढली तर पाच-सहा पानं पॅकेजं दिसतात आणि त्यात कोहा-कॉमनही आहे, २२.११ वरून थेट २५.०५. पुढच्या महिन्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकची समिती येतेय. ऐन वेळी देवघेव बंद पडली तर मला कुणी सोडणार नाही. बाकीचं अपडेट करून फक्त कोहा जागेवर ठेवता येतं का?

दुसरं, खाती. पासवर्ड फाइल उघडली तर एजन्सीचं "सपोर्ट" खातं अजून आहे, तेही सुडो ग्रुपमध्ये. शिवाय गेम्स, आयआरसी, सिंक, बॅकअप आणि "लायब्ररी-कोहा" अशी नावं आहेत. ही मी बनवलेली नाहीत. प्राचार्यांनी स्क्रीनवर "गेम्स" वाचलं आणि ग्रंथालयात गेम कोण खेळतंय म्हणून विचारलं! यातली कोणती उडवू?

तिसरं, आमच्या लिपिक दादांना रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा असतो. त्यांना तेवढंच करता यावं, बाकी कशाला हात लागू नये.

टर्मिनलकर:
मॅडम, सगळ्यात आधी: "लायब्ररी-कोहा" ला हात लावू नका. तुमच्या कोहा इन्स्टन्सचं (सर्व्हरवर बसवलेल्या तुमच्या कोहाचं) नाव "लायब्ररी" असणार. कोहा-क्रिएट चालवलं की त्या इन्स्टन्ससाठी लिनक्सचं एक खातं आपोआप बनतं, नावापुढे "-कोहा" जोडून. त्याचा क्रमांक हजाराच्या वरचा असतो, म्हणून ते माणसाच्या खात्यासारखं दिसतं. ओळीत होम डिरेक्टरी बघा, व्हार-लिब-कोहाच्या आतली दिसेल. ते उडवलंत तर कोहा उठणारच नाही.

गेम्स, आयआरसी, सिंक, बॅकअप ही डेबियन-उबुंटूसोबत येणारी खाती. त्यांना पासवर्ड नसतो, त्यातून कुणी लॉगिन करत नाही. राहू द्या. प्राचार्यांना सांगा, सगळ्या उबुंटूंवर हेच नाव असतं.

आता पॅकेजं, ती बसवणं-काढणं एपीटी हे साधन करतं. (फोनवरून लिहितोय, कमांड देवनागरीतच उमटतायत, समजून घ्या.) "सुडो एपीटी-मार्क होल्ड कोहा-कॉमन" दिलं की अपग्रेड त्याला ओलांडून जातं. "एपीटी-मार्क शोहोल्ड" ने ते लागलं की नाही कळतं. मग "एपीटी-गेट -एस अपग्रेड", म्हणजे नुसती रंगीत तालीम, काहीच बदलत नाही. त्यात काय काय येणार ते नीट वाचून मगच खरं अपग्रेड. फुल-अपग्रेड नको, ते गरज पडली तर पॅकेजं काढूनही टाकतं.

आणि कोहाचं अपग्रेड हलक्यात घेऊ नका. पॅकेज चढलं की डेटाबेसची रचनाही त्याच वेळी नव्या आवृत्तीची होते, पॅकेज उतरवून ती मागे जात नाही. मागे यायचं तर बॅकअपच लागतो.

कोपऱ्यातला_पेंग्विन:
एवढी झकमारी कशाला? सरळ नवीन डेबियन टाका, कोहा पुन्हा बसवा, डेटा आणा.

टर्मिनलकर:
नॅकच्या तोंडावर? सुट्टीत करा म्हणावं.

सुडोबा:
हे होल्डचं चांगलं, पण मूळ कारण दुसरंच आहे. एपीटीच्या सोर्सेस-लिस्ट-डी मधली (पॅकेजं कुठून आणायची ते तिथे लिहिलेलं असतं) कोहाची फाइल उघडा. त्यात "स्टेबल" असा शब्द असेल तर प्रत्येक नवीन प्रमुख आवृत्ती तुम्हाला येतच राहणार. कोहाची नवीन आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, मे आणि नोव्हेंबरला. स्टेबलच्या जागी आवृत्तीचा क्रमांक लिहिता येतो, मग तुम्ही त्याच रांगेत राहता. २५.०५ वर जायचं ठरलं तर त्याच्या प्रकाशन-नोंदीत कोणतं उबुंटू चालतं ते आधी बघा. २०.०४ वर अडेल असं मला वाटतं.

शिवाय २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो फुकट मिळतं आणि त्यात या आवृत्तीला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट येतात. टोकन घेऊन जोडा. नॅकपर्यंत एवढं पुरे, आवृत्ती बदलायची ती उन्हाळी सुट्टीत.

"सपोर्ट" खात्याबद्दल: उडवू नका, आधी बंद करा. त्यातही गंमत आहे. पासवर्ड लॉक केला, "पासडब्ल्यूडी -एल", तरी एसएसएच की (दुरून, पासवर्डशिवाय लॉगिन करायची किल्ली) असेल तर माणूस आत येतोच. त्यासाठी खात्याची मुदतच संपवावी लागते: "सुडो चेज -ई ० सपोर्ट", ई कॅपिटल. मग त्याच्या होममधली ऑथराइज्ड-कीज फाइल बघा, आणि रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) होममधलीही, लोक तिथे हमखास एक की ठेवून जातात. सुडोअर्स-डी फोल्डरही बघा (सुडोचे हक्क तिथेही दिलेले असू शकतात), नुसतं ग्रुपमधून काढून भागत नाही.

लगेच यूजरडेल केलं, म्हणजे खातं उडवलं, तर त्याच्या फाइली १००१ या नुसत्या क्रमांकाने पडून राहतात. पुढे अ‍ॅडयूजरने नवीन खातं बनवताना तोच रिकामा क्रमांक मिळू शकतो. म्हणजे उद्या लिपिक दादांचं खातं काढलं तर एजन्सीच्या फाइलींचे मालक तेच व्हायचे!

लिपिकांसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहा: ताजा बॅकअप पेनड्राइव्हवर कॉपी करायचा, एवढंच. मालक रूट, इतर कुणाला लिहायचा हक्क नाही. मग "व्हिसुडो -एफ" ने सुडोअर्स-डी मध्ये एक ओळ, की हे खातं फक्त ती स्क्रिप्ट चालवू शकतं. फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलं की सुडो ती फाइल वाचतच नाही, आणि चूकही सांगत नाही.

ग्रंथखोली:
दोघांचेही मनापासून आभार! "लायब्ररी-कोहा" ची होम डिरेक्टरी तुम्ही म्हणालात तशीच निघाली. सोर्सच्या फाइलमध्ये "स्टेबल" हाच शब्द होता. होल्ड लावला, रविवारी बाकीचं अपग्रेड झालं, सोमवारी देवघेव सुरळीत.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे रिमोट डेस्कटॉपचं एक पॅकेज बसलेलं दिसतंय. ते कुणी टाकलं हे कळतं का?

टर्मिनलकर:
कळतं. व्हार-लॉग-एपीटी मधली हिस्टरी-लॉग फाइल बघा, जुन्या महिन्यांच्या झिप केलेल्या असतात, त्या "झेडकॅट" ने वाचा. प्रत्येक वेळची तारीख, कमांड, आणि सुडोने चालवली असेल तर "रिक्वेस्टेड-बाय" अशी ओळ असते. त्यात खात्याचं नाव आणि क्रमांक दोन्ही.

ग्रंथखोली:
बघितलं. "रिक्वेस्टेड-बाय: सपोर्ट (१००१)". तारीख एप्रिलमधली, म्हणजे करार संपल्यानंतरची. "लास्ट" कमांडमध्येही त्याच दिवशीचं लॉगिन आहे, बाहेरच्या आयपीवरून. त्या दोन ओळींचा प्रिंट काढून प्राचार्यांना दिलाय, पुढे काय विचारायचं ते संस्था विचारेल. पॅकेज काढलं, खात्याची मुदत संपवली, रूटच्या होममध्ये खरंच एक की सापडली, तीही गेली.

पण आता नवीनच झालं. काल रात्री बॅकअप दुसऱ्या मशीनवर गेला नाही. कोहा-डंपची (कोहाच्या बॅकअपची) फाइल सर्व्हरवर बनलीये, कॉपी मात्र झाली नाही.

सुडोबा:
ती कॉपी सपोर्टच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) असणार. मुदत संपलेल्या खात्याची क्रॉनची कामं चालत नाहीत. "सुडो क्रॉनटॅब -एल -यू सपोर्ट" करून बघा, ओळ दिसली तर ती क्रॉन-डी मधल्या नवीन फाइलमध्ये न्या. तिथे वेळेनंतर खात्याचं नाव लिहावं लागतं, ते विसरू नका. आणि इथेही फाइलच्या नावात टिंब नको. कॉपी एसएसएचने होत असेल तर त्याची कीही सपोर्टच्याच होममध्ये असेल. ती उचलू नका, नवीन बनवा.

ग्रंथखोली:
तिथेच होती, आणि कीही तुम्ही म्हणालात तशीच. नवीन की बनवून समोरच्या मशीनवर टाकलीये, आज रात्री दोन वाजता चालेल. फाइलचं नाव "कोहा-कॉपी" ठेवलंय, टिंब नाही.