मूळ जपानी बघू, की 'मॅग्निफिसंट सेव्हन' पुरे?

शहापूरकर: 1960 चा स्टर्जेसचा सिनेमा मला पाठ आहे. युल ब्रायनरची चाल, बर्नस्टाइनचं संगीत. थोरली म्हणते, पप्पा, तो ज्याच्यावरून केला, तो कुरोसावाचा जपानी 'सेव्हन सामुराई' बघा. साडेतीन तासांचा! खरंच एवढा फरक आहे काय?

खानापूरचा शेतकरी: आहे की, दादा! दोन्हीत गरीब गावकरी दरोडेखोरांशी लढायला सात लढवय्ये ठेवतात. इंग्रजीत माणशी वीस डॉलर ठरतात. जपानीत मजुरी म्हणजे पोटभर भात, बस्स. आणि तो भात देणारे स्वतः भरड धान्य खातात. हे कळल्यावर सामुराईंचा म्होरक्या, म्हातारा कांबेई भाताचा वाडगा हातात घेतो आणि कामाला तयार होतो. मी तिथं रडलो. आमची आज्जी भात पिकवायची, पोती बेळगावच्या बाजारात जायची, घरात नाचणीची भाकरी. शेवटी बायका ओळीनं रोप लावतात, ढोल-बासरी वाजते. आमच्याकडं जुलैत बांधावर उभं राहून बघा, तोच चिखल, तेच वाकणं. इंग्रजी सिनेमातल्या मेक्सिकोच्या गावात मला शेती कुठं दिसलीच नाही.

निपाणीची वाचक: अजून एक. सातातले जे चार सामुराई मरतात, ते चारही बंदुकीच्या गोळीनं, तलवारीनं एकही नाही. त्यांचा काळच संपतोय. वेस्टर्नमध्ये सगळ्यांकडंच बंदुका, त्यामुळं हा घाव बसत नाही. मिफ्युनेचा किकुचियो आणि पोरसवदा कात्सुशिरो, दोघांना मिळून इंग्रजीत एकच चिको केलाय, तेही मला पटलं नाही.

शहापूरकर: रविवारी जेवणं आटोपून लावतो. आईलाही बसवतो, तिनं रोप लावलंय.