मदत हवी आहे: तबल्याबरोबर बेस गिटार वाजवतोय, चार तारी पुरेल की पाच तारी घेऊ?

इथे कोणी बेस वाजवणारे असतील, किंवा बेसवाल्याच्या शेजारी बसून तबला-ढोलकी वाजवणारे असतील तर मदत हवी आहे. प्रश्न तसा गिटार घेण्याचा आहे पण तेवढाच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

मी कॉलेजपासून बेस वाजवतो, हौशी, पोटापाण्याचा धंदा वेगळा. आधी रॉक बँड, मग ऑर्केस्ट्रात हिंदी गाणी, आणि गेली काही वर्षं ठाण्यात आमचा एक ग्रुप आहे तो भावगीतं, नाट्यगीतं, गझल असं करतो. दोन गायक, एक गायिका, पेटी, कीबोर्ड, तबला, लावणी असली तर ढोलकी, आणि मी. ड्रमसेट नाही. ज्यांनी बेस वाजवलाय त्यांना कळेल याचा अर्थ काय होतो. रॉकमधे किक ड्रम असतो, त्याच्या पायाला चिकटून राहिलं की निम्मं काम झालं. इथे खालचा आवाज डग्ग्याकडे, आणि डग्गा नुसता ठोका देत नाही, सूर ओढतो. तबलजींनी मनगट दाबून घिस्सा मारला की तो सूर खालून वर सरकत जातो आणि तो सगळा खेळ साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास आणि खाली चालतो, म्हणजे बरोब्बर माझ्या घरात. माझी ई तार ४१ हर्ट्झला, ए ५५ ला, डी ७३ ला, जी ९८ ला. दोघं एकदम वाजलो की मागच्या रांगेतल्या माणसाला नुसतं घुंघुंघुं ऐकू येतं, ना बोल कळतो ना सूर.

आता पाच तारीचा किडा कुठून आला ते सांगतो. आमचे दोन्ही गायक काळी एकमधे (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गातात. काळी एकचा सा माझ्याकडे ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. त्याच्या खालचा पंचम ई तारेच्या चौथ्याच फ्रेटवर, कारण तारा चार-चार सुरांच्या अंतरावर लावलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला कायम खालचा प मिळतो, हे फार सोयीचं आहे. पण त्या पंचमाखाली आणखी उतरून सा वर बसायचं म्हटलं तर तारच नाही. तो सा ३५ हर्ट्झच्या थोडा खाली येतो, माझी गिटार ४१ ला संपते. गाणं संपताना सगळे थांबतात, गायक सा लावून उभा, आणि मला वाटत राहतं की आत्ता एक मजला अजून खाली जाता आलं असतं तर. गायिका काळी चारला गाते तेव्हा हा प्रॉब्लेम येत नाही, सा थेट ई तारेवर येतो, ५२ हर्ट्झ, हॉल कसा भरतो बघायला पाहिजे.

म्हणून धोबी तलावला फुर्ताडोजमधे जाऊन पाच तारी हातात घेऊन बघितली. खालची बी तार ३१ हर्ट्झची. आवाज आवडला, खोटं कशाला बोलू. पण नेक रुंद, माझ्या जाझ बेसचा नट (नेकच्या टोकाची, तारा बसवायच्या खाचांची पट्टी) ३८ मिलीमीटरचा आहे आणि ही ४५ च्या पुढे, शिवाय वजन जाणवण्याइतकं जास्त. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने करायचा असतो आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आताशा दुखतं, जास्त करून पहिल्या तीन-चार फ्रेटमधे हात ताणून वाजवलं की. वय पन्नाशीच्या पुढे.

थोडं विषय सोडून, पण प्रश्नाशी संबंध आहे. इतकी वर्षं वाजवून माझं असं पक्कं मत झालंय की बेसमधे सूर कधी सुरू होतो यापेक्षा तो कधी थांबतो याला जास्त महत्त्व आहे. सुरू करायला सगळेच शिकतात, मेट्रोनोम लावून शिकता येतं. थांबवणं म्हणजे डाव्या हाताचं बोट किती उचललं, उजव्या हाताच्या अंगठ्याने बाकीच्या तारा दाबून धरल्यात की नाही, हे कोणी शिकवत नाही आणि यूट्यूबवर तर त्याला काही ग्लॅमरच नाही. जेम्स जेमरसनचं मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीतलं काम ऐका, एका बोटाने वाजवायचा माणूस, तारा फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) आणि त्याही वर्षानुवर्षं न बदललेल्या, त्यामुळे सूर ठक्कन येतो आणि लगेच जागा मोकळी करून देतो, आणि त्या मोकळ्या जागेतच गाणारा उभा असतो. आपल्याकडे पंचमदांच्या रेकॉर्डिंगमधे टोनी वाझ बेस वाजवायचे, तिथेही कान फक्त बेसवर ठेवून ऐका, ढोलक, तबला, बोंगो इतकं सगळं चाललेलं असताना बेस कुठेही कोणाच्या अंगावर जात नाही.

दुसरी गोष्ट सुरांची. पाश्चात्य सवयीने बेसवाल्याचं बोट सा वरून आपोआप प वर जातं. मालकंसावर आधारलेलं गाणं असेल तर पंचम वर्ज्य, तिथे तो प वाजला की पेटीवाला वळून बघतो आणि ते योग्यच आहे. मालकंसात सा आणि म. तंबोरासुद्धा तेव्हा मध्यमात लावतात. भूपमधे उलटं, तिथे म ला शिवायचं नाही. कीबोर्डवाल्याने कॉर्ड लिहून दिलेत म्हणून तेच वाजवायचे हे मला पटत नाही, आधी गाणं सरगममधे बसवून बघायचं की यात कुठले सूर आहेतच, आणि खाली तेवढेच ठेवायचे. वरच्या पट्टीत पेटी एखादा परका सूर लावून गेली तर खपून जातं, खाली बेसने लावला तर सगळ्या गाण्याचा रंग बदलतो.

तर आता प्रश्न. पाच तारी घ्यावी का, की चार तारीवरच काही करता येईल? बजेट ४० हजारांपर्यंत. डग्ग्याबरोबरचा गोंधळ कमी करायला तुम्ही काय करता, ॲम्पवर की हातात? आणि अंगठ्याच्या दुखण्यासाठी ३० इंची शॉर्ट स्केल (नेहमीच्या ३४ इंचांपेक्षा कमी लांबीच्या तारांचा) बेस घेऊन कोणाला फरक पडलाय का? डॉक्टरांना दाखवलंय, गंभीर काही नाही, ताण कमी करा म्हणाले.

प्रतिसाद

दादा, मी चार तारीवरून पाच तारीवर गेलोय, त्यामुळे स्पष्ट सांगतो. पहिले काही महिने ती पाचवी तार वाजवण्यापेक्षा गप्प ठेवण्यातच जातात. तुम्ही ए वर वाजवलं की बी आपोआप गुणगुणायला लागते, तुमचा अंगठा आता पिकअपवर टेकत असेल तो बी तारेवर टेकवावा लागतो आणि जाड तारा सोडून वरच्या तारांवर गेलात की अंगठाही बरोबर सरकवावा लागतो. सूर थांबवण्याबद्दल तुम्ही एवढं लिहिलंय म्हणजे हे तुम्हाला जमेलच. पण दुसरा मुद्दा ॲम्पचा. दहा इंची स्पीकरच्या छोट्या कॉम्बो ॲम्पमधून ३१ हर्ट्झ काही बाहेर पडत नाही, आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे सूर आणि खालचा कान भरून काढतो. हॉलवाल्याकडे सबवूफर नसेल तर तुमचा तो खालचा सा फक्त तुमच्या मनात वाजेल. आणि अंगठा दुखत असताना रुंद नेक घेऊ नका, प्लीज.

प्रतिसाद

मी तबला वाजवते, बेसवाले सोबत असतात, माझ्या बाजूने सांगते. केरवा घ्या, धा गे ना ती न क धी न. यात डग्गा घुमतो तो धा, गे आणि धी ला. मधे ना ती न ला डग्गा गप्प, क ला नुसती थाप, घुमक नाही. म्हणजे चार मात्रा खालचं घर रिकामं. आमच्याकडे जो बेसवाला आहे तो धा वर छोटा सूर देऊन लगेच सोडतो आणि तिसऱ्या मात्रेपासून लांब सूर धरतो, सहाव्या मात्रेपर्यंत, की परत माझ्याकडे. डग्गा गप्प असतो तिथे बेसने वजन द्यायचं आणि तो घुमतो तिथे माझ्यावर सोडायचं असा आमचा व्यवहार आहे, तो आम्ही बोलून ठरवला, आपोआप झाला नाही. लग्गी (ठेक्याची जलद, भरलेली चाल) सुरू झाली की मात्र त्याने एक सूर धरून बसावं, तिथे दोघांनी धावू नये. तुमच्या तबलजींबरोबर फक्त दोघांनी बसून प्रॅक्टिस केलीये का कधी, गायकांशिवाय? ती करा. आणि डग्गा सा ला किंवा त्याच्या जवळपास राहील असा लावायला सांगा, कुठेतरी अधांतरी बोलत असेल तर तुम्ही कितीही नीट वाजवलंत तरी घाण ऐकू येणार.

प्रतिसाद

एक साधी गोष्ट लक्षात आणून देतो. पुरुषांचा तंबोरा काळी एकला लावला की त्याची खर्जाची तार कुठे येते? तुमच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, बरोबर तिथेच, ६९ हर्ट्झ. म्हणजे गायकाच्या कानाला ज्या खर्जाची सवय आहे तो तुमच्याकडे आधीपासून आहे. त्याच्या खालचा सा तुम्हाला हवासा वाटतो तो बेसवाला म्हणून, गाणाऱ्याला त्याची गरज वाटत असेल असं मला वाटत नाही. त्यांना विचारून बघा.

धागालेखक

तिघांचेही खूप आभार. तंबोऱ्याचं वाचून लगेच तंबोऱ्याचं ॲप लावून ए तारेचा चौथा फ्रेट वाजवला, अगदी तोच सूर. इतकी वर्षं तंबोरा ऐकतोय पण हा हिशेब डोक्यात आला नव्हता. गायकांना विचारलं तर एक म्हणाले की शेवटी तू खाली जातोस तेव्हा मला माझा सा शोधावा लागतो, तू तंबोऱ्याच्या जागी थांबलास तर मला सोपं. मग पाच तारीचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

ताई, केरव्याचं तुम्ही सांगितलंत तसं आमच्या तबलजींबरोबर बसून केलं, फक्त दोघं. बेसचा पुलाजवळचा फोम परत लावला (जुन्या फेंडर बेसवर पुलाच्या झाकणाखाली असा फोम असायचाच), तारा फ्लॅटवाउंड घातल्या आणि ॲम्पवर ८० हर्ट्झच्या आसपासचं थोडं उतरवून ७००-८०० हर्ट्झजवळ किंचित चढवलं. फरक प्रचंड आहे. बेस आता कमी मोठा आहे पण सूर कळतो, आणि डग्ग्याचा घिस्सा मला स्वतःला पहिल्यांदाच नीट ऐकू आला, आधी मीच त्याच्यावर बसलेलो असायचो. एक मात्र आहे, माझ्या नव्या फ्लॅटवाउंड तारांचा ताण जुन्या राउंडवाउंडपेक्षा जास्त आहे, अंगठ्याला ते जाणवतंय.

प्रतिसाद

काका, ४५-१०५ जाडीचा (सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार) सेट घातला असेल तर ४०-१०० किंवा त्याहून हलका बघा, फ्लॅटमधेही कमी ताणाचे मिळतात. शॉर्ट स्केलचं विचारलं होतंत, ३४ वरून ३० इंचावर आलं की त्याच सुराला ताण कमी लागतो आणि फ्रेटमधलं अंतरही कमी, पहिल्या चार फ्रेटमधे बोटं ताणावी लागत नाहीत, माझ्या मनगटाला खूप आराम पडला. ई तार थोडी सैल वाटते सुरुवातीला. पण फ्लॅट आणि फोम वापरणार असाल तर ती सैल तार उलट गोड वाजते, बीटल्सच्या मॅकार्टनीचा होफनर बेस शॉर्ट स्केलच आहे. तार घेताना मात्र शॉर्ट स्केलचाच सेट मागा, लांब सेट कापून घातला तर फ्लॅटवाउंडचं वेटोळं सुटू शकतं. आणि कधी खालचा सा हवाच झाला तर सध्याच्या चार तारीवर बी-ई-ए-डी लावता येतं, पाच तारीच्या सेटमधल्या जाड चार तारा घेऊन. जी तार जाते, आणि नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात कारण बी तार १३० ची असते, ते काम स्वतः करू नका.

धागालेखक

हे फारच कामाचं आहे. मग असं ठरवतोय, पाच तारी रद्द, आधी हलक्या फ्लॅट तारा घालून बघतो आणि बजेट शॉर्ट स्केलकडे वळवतो. बी-ई-ए-डी चा प्रयोग माझ्या कॉलेजच्या जुन्या गिटारवर करावासा वाटतोय, गझलेच्या कार्यक्रमात जी तारेला माझा हात तसाही क्वचित जातो, आणि त्या गिटारचा नट नाहीतरी बदलायचाच आहे.

त्यासाठी आता शेवटची मदत: ठाणे, दादर, डोंबिवली या पट्ट्यात नट कापून नीट सेटअप करून देणारा कोणी कारागीर माहीत आहे का, ज्याने बेसवर काम केलंय, फक्त गिटारवर नाही? नंबर इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ३० इंची बेस वापरून विकायचा असेल कोणाला तर तेही कळवा, येऊन वाजवून बघेन, नेक सरळ असेल आणि फ्रेट झिजलेले नसतील तर बाकी रंगबिंग कसाही चालेल.