शब्दचर्चा: लेंडीतलं नत्र, उत्सर्जन म्हणावं का विसर्जन?

मंडळी, एक शब्द अडला. यवतमाळकडं मेंढीपालनाच्या ट्रेनिंगसाठी मराठीत नोट्स काढून राहिलो, त्यात हाइंडगट फर्मेंटेशन आलं. पुस्तकात 'पश्चांत्र किण्वन' दिसलं, तेच वाचून दाखवलं तं मेंढ्यावाले एक बाबा म्हणे, "कोन कन्हून राह्यलं बापा?" आता 'मागच्या आतड्यातलं आंबणं' लिहू का? आणि लेंडीतून नत्र जाते त्याले उत्सर्जन म्हणायचं का मलविसर्जन?

> आंबणंच लिहा भाऊ, 'सडणं' नका लिहू, मेंढी बिमार वाटते. पण पहिलं आंबणं कोठीपोटात (मेंढीच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) होते, तिथून सुटलेलं कुटार अंधनाळात (मोठ्या आतड्याच्या सुरवातीची बंद पिशवी) अन् मोठ्या आतड्यात परत आंबते, म्हणून 'मागचं' हा शब्द सोडू नका.

> थोडं विषयांतर. घोडा, गाढव, हत्ती यायची 'लीद', अन् हे तिघंही मागच्या आतड्यावरच चालते. गायी-म्हशीचं शेण, त्या रवंथवाल्या. मले वाटलं भाषेनं पोट पाहूनच नावं ठेवली, पण ससा आडवा आला, तो बी मागंच आंबवते अन् त्याची मात्र लेंडी! म्हणजे नुसता आकार पाह्यला.

> उत्सर्जनाचं सांगतो. शाळेत शिकवते की अंगातल्या घडामोडीतून जे टाकाऊ निघते ते बाहेर काढणं म्हणजे उत्सर्जन, अन् जे पचलंच नाही ते मलविसर्जन. मेंढी इथं घोळ करते. ढेप खाल्ली, प्रथिनं मोडली, अमोनिया झाला, यकृतानं त्याचा युरिया केला अन् तो रक्तात गेला. सगळाच मुतात जात नाही, काही परत पोटा-आतड्यात येते. कोठीपोटात आला तं जंतू त्याचं प्रथिन करते अन् पुढं लहान आतड्यात मेंढी ते जंतूच पचवते, फायद्याचा सौदा. मागच्या आतड्यात आला तं जंतू तिथंही वाढते, पण लहान आतडं मागंच राहून गेलं ना, पचवणार कोन? लेंडीसोबत बाहेर. मग रक्तातलाच युरिया लेंडीवाटे निघाला, त्याले नुसतं विसर्जन काहून म्हणायचं? लेंडीतलं न पचलेलं प्रथिन मात्र विसर्जनच. मी तं सरळ 'लेंडीवाटे जाणारं नत्र' अन् 'मुतावाटे जाणारं नत्र' लिहीन.

> हेच बरं. वावरात मेंढ्या बसवणाऱ्याले हाच फरक कामाचा. मुतातल्या युरियाचा लवकर अमोनिया होऊन उडते, सकाळी वाड्यात डोळे झोंबते ते त्यानंच. लेंडीतलं बरंचसं जंतूंच्या अंगात बांधलेलं, हळूहळू सुटते. मागं आंबायले माल जास्त पोचला की मुतातलं नत्र घटते अन् लेंडीतलं वाढते.

धन्यवाद मंडळी, तसंच लिहिलं. काल वाचून दाखवलं, आंबणं लगेच समजलं. पण आता बाबा 'युरिया'वर अडले, म्हणे "मेंढीच्या रक्तात ४५ किलोची बॅग कोन रिकामी केली?" तोच पदार्थ आहे म्हटलं तं हसून राहिले. याले दुसरा शब्द आहे का कोणाजवळ?