सालदाराचा हिशोब देत नाहीत आणि गावालाही जाऊ देत नाहीत, काय करता येईल?

तापीकाठ
राम राम मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम टाकत नाही. आमच्या केळीच्या बागेला लागून एका मोठ्या शेतकऱ्याचं खळं आहे, तिथे पत्र्याच्या खोलीत एक पावरा आदिवासी कुटुंब राहतं, नवरा-बायको आणि बारा वर्षांचा पोरगा. नवरा दोन वर्षांपासून सालदार आहे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपलं तसं तो म्हणाला, हिशोब करा, मी आता घरी जातो. मालकाने वही काढली तर उलट ह्याच्याच अंगावर २६ हजार निघाले!! त्याने मोबाईलवर त्या पानांचे फोटो काढून ठेवले होते ते मला दाखवले, कारण त्याला वाचता येत नाही. बाजार ५००, दवाखाना ८००, खाडे ४, आणि प्रत्येक ओळीखाली याचा अंगठा. मी विचारलं हे चार खाडे कसले, तर म्हणे मला ताप होता. म्हणजे तापाचे पैसेही याच्याच नावावर आणि तापातले दिवसही कापलेले.

आधार आणि पासबुक मालकाच्या कपाटात आहे. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला जायचं म्हणत होते तेव्हाही सोडलं नाही. पोरगा आश्रमशाळेत होता, तो आता गुरं चारतो. आता कापसाची लागवड आली म्हणजे आणखी सोडणार नाही. मालक आमच्या भाऊबंदकीतला आहे म्हणून गावात कोणाशी बोलता येत नाही, पण रोज मोटार चालू करायला गेलो की ती बाई माझ्याकडे बघते आणि मला मान खाली घालावी लागते. पंचांसमोर विषय काढू का?

वकील_जळगाव
दादा, पंचांकडे नका जाऊ. तिथे जास्तीत जास्त २६ चे २० होतील आणि माणूस तिथेच राहील.

वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे. उचलीपोटी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपोटी, माणूस अडकवून ठेवला असेल तर ते कर्जच रद्द होतं, मालक वसुलीसाठी कोर्टातही जाऊ शकत नाही. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही असं मालकाने सिद्ध करायचं असतं, मजुराने नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं वेठबिगार म्हणजे साखळीने बांधलेला, पण जाऊ न देणं, दुसऱ्याकडे कामाला जाऊ न देणं हेही त्यातच येतं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं हे सक्तीचंच काम, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय. कुटुंब आदिवासी आहे म्हणून १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदाही लागतो, वेठबिगारी करवून घेणं हा त्यात वेगळा गुन्हा आहे.

अर्ज फैजपूरच्या प्रांत ऑफिसला द्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. चौकशी झाली की मुक्तता प्रमाणपत्र मागा, ते फार महत्त्वाचं, त्याच्याशिवाय पुनर्वसनाचं काहीच मिळत नाही. ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आणि पुढे पुरुषाला १ लाख अशी केंद्राची योजना आहे, वेळ लागतो पण मिळते. वकिलाचा खर्च नाही, आदिवासींना आणि महिलांना मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. पोरगा १४ च्या आतला आहे तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, आजच सांगा, तुमचं नाव पुढे येऊ न देता.

कपाशीवाला
मी पण शेतकरी आहे आणि आमच्याकडेही सालदार आहे, म्हणून लिहितो. सगळी सालदारकी वेठबिगारी नसते भाऊ, आमच्याकडचा माणूस अकरा वर्षांपासून आहे, आखाजीला दादर ज्वारी, कपडे आणि सगळा हिशोब त्याच्या पोरीसमोर करतो कारण ती दहावी शिकली आहे, वहीची एक प्रत त्याच्या घरी असते. पण माणसाचं आधार कपाटात ठेवायचं म्हणजे काय? हे वाचून राग आला. मालकाला उचल बुडायची भीती असते हे मी समजू शकतो, माझीही एकदा बुडाली आहे, तरी त्याचा उपाय हा नाही.

सातपुड्याचा
माझा बाप सालदार होता. एक सांगू का, अर्ज करायच्या आधी त्या दोघांना विचारा, आणि मालकाच्या शेतात नको, बाजाराच्या दिवशी विचारा. आमच्या वेळी एका चांगल्या माणसाने आम्हाला न विचारता तक्रार केली, साहेब जीप घेऊन आला आणि मालकासमोरच बापाला विचारलं, तुला इथे काही त्रास आहे का? बाप काय बोलणार? नाही म्हणाला. जीप गेली, आम्ही तिथेच. त्यानंतरचं एक वर्ष मी लिहीत नाही.

म्हणून जबाब खळ्यात होऊ देऊ नका, ऑफिसात घ्या म्हणावं, आणि पावरी बोलणारा कोणीतरी सोबत पाहिजे. त्या रात्री कुठे राहतील ते आधी ठरवा. वहीचे फोटो दोन-तीन मोबाईलमध्ये पाठवून ठेवा, त्याचा फोन कधीही हिसकतील. मारहाण झाली तर सरळ ११२. आधारसाठी मालकाशी भांडू नका, आधार केंद्रात अंगठा देऊन परत निघतं. पोराच्या शाळेचं यावलच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारा.

तापीकाठ
भो, तुनं म्हननं बराबर शे. मी उद्याच अर्ज द्यायला निघालो होतो, थांबलो.

काल बाजारात दोघं भेटले. आधी ती बोलली, तो नुसता ऐकत होता. म्हणाली पैसे राहू द्या, पोराची शाळा सुरू व्हायच्या आत आम्हाला इथून काढा. तिचा भाऊ पाल गावाकडे असतो, तो न्यायला यायला तयार आहे. फोटो माझ्याकडे घेतले. १०९८ ला सांगून झालंय. वकीलसाहेब, अर्जावर अंगठा दोघांचा पाहिजे का एकट्याचा चालेल? मालकाची बाई हिला सोमवारीच बाहेर सोडते, त्यामुळे जे काही करायचं ते त्याच दिवशी करावं लागेल.

वकील_जळगाव
एकाचाही चालतो, पण दोघांचा घ्या, बाईचा जबाब वेगळा लिहून घ्या. सोमवारी मी फैजपूरला येतो, ११ वाजता प्रांत ऑफिसच्या गेटवर.