मदत हवी आहे: हापूसचं खोड आतून कुजतंय, काय करू?

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ आमच्या परसात आजोबांनी लावलेला हापूस आहे, सहा-सात वर्षांपूर्वी घराच्या कौलांवर आलेली एक जाड फांदी आम्ही तोडून घेतली होती, तेव्हा कापणाऱ्याने ती खोडाला अगदी चिकटून सपाट कापली, म्हणजे फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ना तीही गेली. झाड जखम भरतं ते त्या कडेपासूनच, हे मला फार उशिरा कळलं. आता तिथे वाटीएवढी पोकळी झालीय, आत लाकूड भुसभुशीत, पावसाळ्यात पाणी साचतं आणि यंदा खाली अळंबीसारखं काहीतरी उगवलंय, ते बघून पोटात गोळाच आला.

शेजारचे काका म्हणतात सिमेंट भर. पण मी वाचलंय की सिमेंटमागे ओल अडकते आणि कुज आत चालूच राहते, म्हणून ते भरलं नाही. सुटं कुजकं लाकूड हाताने काढलं, चांगलं लाकूड खरवडलं नाही. बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावायचा विचार आहे, पण ती एवढ्या जुन्या जखमेवर उपयोगी पडेल का?

आणि मुख्य म्हणजे खोड किती पोकळ झालंय हे कसं ओळखायचं? ठोकलं की एका बाजूने बद्द आवाज येतो. झाड घरावर झुकलेलं आहे पण मोहोर अजून भरभरून येतो, तोडायला मन होत नाही हो. कुणी असं झाड वाचवलं असेल तर प्लीज सांगा.