एंडगेमसाठी भरवशाचं बुद्धिबळ सॉफ्टवेअर सुचवा (बजेट ५ हजार)

परभणीचा_वजीर: नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, जिल्हा पातळीवर खेळतो. ओपनिंग पाठ आहेत, पण पटावर मोहरे कमी झाले की गडबडतो. मोबाइलवरच्या एका फुकट ॲपात ही पोझिशन टाकली. काळा: राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ६. पांढरा: राजा डी४, वजीर ई७. ॲप पांढऱ्याला पाचाच्या वर आघाडी दाखवायलंय, त्याचे सर म्हणतात बरोबरी. खरं कोणाचं धरायचं? लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, ६० जीबी मोकळी. बजेट ५ हजार, त्याच्यावर जमणार नाही.

चौसष्ट_घरं (लातूर): ५ हजारांत काय येतंय हो? मी गेल्या दिवाळीत ८५ हजारांचा लॅपटॉप घेतला, ३२ जीबी रॅमचा. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (चाली मोजणारा प्रोग्रॅम) लावलं की नुसता पळतो. घ्यायचंच तर एकदाच चांगलं घ्या.

दुधनाकाठ: बजेट वाचलं का चौसष्टराव?

वजीरभाऊ, सरांचंच खरं आहे. हत्तीला प्याद्याचा आधार आहे. तो एफ६ आणि एच६ करत बसतो, नाहीतर राजा जी८-एच७ हलतो. पांढऱ्या राजाला सहावी ओळ ओलांडता येत नाही आणि एकटा वजीर शह देऊन देऊन दमतो. अशी तटबंदी इंजिनला पटकन ओळखू येत नाही. पांढऱ्याकडं वजीर आहे म्हणून आकडा मोठा, पण वीस चालींनंतरही तो तिथंच असतो. हीच खूण लक्षात ठेवा: विचाराची खोली वाढायली पण आकडा हलत नसेल, तर संशय घ्यायचा.

उंट_तिरका: स्टॉकफिश घ्या. फुकट आहे.

गोदातीर_नांदेड: मी एका दुकानातून 'सगळी इंजिनं' म्हणून १,२०० रुपयांचा पेनड्राइव्ह आणला होता. आत तीच फुकटची इंजिनं, शिवाय व्हायरस. विकणारा आता फोन उचलत नाही. कोणाला घ्यायचा असेल तर सांगा, ३०० ला देतो.

बीडचा_घोडा: कंप्युटरनं पोरं बिघडतात. आम्ही पाटावर खडूनं घरं आखून शिकलो. गुकेश-डिंगचा २०२४ च्या जागतिक अजिंक्यपद लढतीतला चौदावा डाव बघा. इंजिन शेवटपर्यंत बरोबरी दाखवत होतं, डिंगनं हत्ती एफ२ वर आणला आणि संपलं. आकडा बघून काय उपयोग झाला?

दुधनाकाठ: अहो, खेळताना डिंगला आकडा कुठं दिसत होता! हत्ती एफ२ वर येताच तो आकडा खाली आला, म्हणजे इंजिननं चूक तिथल्या तिथं पकडली. गुकेशलाही ती पकडायला थोडा वेळ लागला.

बीडचा_घोडा: तेच म्हणायलोय मी. माणसानं पकडलं.

चौसष्ट_घरं (लातूर): आणि २०१८ ला लंडनला जागतिक अजिंक्यपदाचा कार्लसन-कारुआना सहावा डाव? काळ्यानं, म्हणजे कारुआनानं, घोडा जी१ च्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा होता. तिथं जिवंत माणूस घोडा नेईल का? यंत्राला मात दिसत होती. म्हणून म्हणतो, मोठी मशीन घ्या.

पटावरचा_पाहुणा (संभाजीनगर): एवढं सगळं झालं, टेबलबेसचं नाव कोणी काढलं नाही. वजीरभाऊंच्या पोझिशनमध्ये राजे धरून पाचच मोहरे आहेत. पाचपर्यंतच्या सगळ्या पोझिशनचा निकाल आधीच काढून ठेवलेला आहे, इंजिनला विचार करायची गरज नाही. सिझिजी नावाच्या फायली उतरवा, पाच मोहऱ्यांपर्यंत मिळून जेमतेम १ जीबी. स्टॉकफिशच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा पत्ता द्या. त्याच पोझिशनला आकडा शून्य होईल, म्हणजे बरोबरी. खर्च शून्य.

सहा मोहऱ्यांच्या फायली साधारण १५० जीबी, सातच्या १७ टीबीच्या आसपास. सात घरी ठेवायचा विचार करू नका. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर पोझिशन मांडली की तिथंच फुकट बघता येतात.

परभणीचा_वजीर: धन्यवाद. पण आमच्याकडं लाइट गेली की नेट पण जातं. ऑनलाइनचा भरवसा नाही.

पटावरचा_पाहुणा (संभाजीनगर): मग पाचच्या ठेवा. जिल्हा पातळीला रग्गड झालं. फक्त एक सांगतो: सिझिजी पन्नास चालींचा नियम (पन्नास चालींत मार किंवा प्याद्याची चाल नाही झाली तर बरोबरी) धरून चालतं. त्याचं लक्ष पुढच्या माराकडं किंवा प्याद्याच्या चालीकडं, मात किती चालींत आहे हे ते सांगत नाही. त्यामुळं जिंकत असताना कधी कधी वेड्यासारखा मोहरा देऊन टाकतं. पोराला सांगून ठेवा, नाहीतर तो तसंच खेळायला लागेल.

उंट_तिरका: पन्नास चालींचा नियम काढून टाकला पाहिजे. सात मोहऱ्यांत ५४९ चालींची मात सापडलेली आहे.

बीडचा_घोडा: ५४९ चाली खेळायला पंच जेवण देणार का?

दुधनाकाठ: मूळ प्रश्नाकडं या. सरावासाठी एकट्या राजाला उंट-घोड्यानं करायची मात घ्या. कुठूनही ३३ चालींच्या आत होते. टेबलबेस बचाव करील, पोरानं मात करायची. पन्नासच्या वर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आठ-दहा मोहऱ्यांच्या तटबंदीत मात्र टेबलबेस लागू होत नाही, तिथं सरांनाच विचारा.

उंट_तिरका: स्टॉकफिश घ्या, फुकट आहे आणि सिझिजी पण टाका.

पटावरचा_पाहुणा (संभाजीनगर): मी वर हेच लिहिलंय.

परभणीचा_वजीर: सगळ्यांचे आभार. पाच मोहऱ्यांच्या फायली टाकल्या, खरंच शून्य आलं. पोरगं म्हणालं सर जिंकले. सहाच्या पण असाव्यात म्हणून १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क मागवली, ४,६०० ला बसली. लहान भावाच्या लग्नाचे व्हिडिओ पण त्यातच मावतील.

पटावरचा_पाहुणा (संभाजीनगर): एसएसडी ना?

परभणीचा_वजीर: नाही, साधी. एसएसडी महाग होती.

पटावरचा_पाहुणा (संभाजीनगर): साध्या डिस्कवर सहाच्या फायली शोधताना इंजिन पार रांगेल हो. परत होत असेल तर करा.

परभणीचा_वजीर: पाकीट फोडलं.

गोदातीर_नांदेड: पेनड्राइव्ह २५० ला देतो.